गाडी विकली, हिशेब उरला

गेल्या महिन्यात आमच्या अंगणातली मॅटॅडोर गेली. पस्तीस वर्षे आंब्याखाली जिथे ती उभी राहायची तिथे आता तेलाचा काळा डाग तेवढा उरला आहे. जुनी गाडी विकणे ही काही मासिकात लिहायची गोष्ट नव्हे, असे आमच्या बेगमचे मत. पण या विक्रीने आमच्या घरातले जे उघडे पडले, ते आमच्यासारख्या पुष्कळ घरांत झाकलेले असणार. म्हणून लिहितो आहोत.

आधी गाडीची ओळख करून देतो. चाळिशीपुढच्या वाचकांनी मॅटॅडोरमधून एकदा तरी प्रवास केला असेल. चालक आणि त्याच्या शेजाऱ्याच्या मधोमध इंजिनाचे झाकण असायचे. त्याला सगळे बोनेट म्हणत, आणि वऱ्हाडात त्या गरम बोनेटवर कोण बसणार यावरून पोरांची भांडणे होत. मूळ गाडी जर्मनीतल्या विडाल कंपनीची. १९४९ साली ती तिकडे निघाली तेव्हा तिला फोक्सवॅगनचे इंजिन होते. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन त्यानंतर, १९५० साली आली. आत पलंग आणि चूल बसवून लोक ज्या व्हॅनमधून जगभर फिरले, ती हीच. आपल्याकडे विडालच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटॅडोर रस्त्यावर आली. कोणी तिच्यात मासळी भरली, कोणी शाळेची मुले. अब्बांनी तिच्यात घर मांडले.

अब्बा कुवेतला चालक होते. तिथे हिवाळा सुरू झाला की शहरातली कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. ते पाहून आपणही बायकापोरांना असे कुठेतरी न्यावे, हे त्यांच्या मनात बसले. १९९० साली ते सुट्टीवर आले आणि साठवलेल्या पैशातून मॅटॅडोर घेतली. सुट्टी संपायच्या आत, ऑगस्टमध्ये, इराकने कुवेत घेतले. अब्बांची नोकरी गेली, तिथल्या बँकेतली रक्कम अडकली. हाती उरली ती ही गाडी. लोक म्हणाले, विकून टाका. अब्बांनी विकली नाही. चिपळूणच्या बाजारात सुट्या भागांचे लहानसे दुकान टाकले आणि रिकाम्या वेळात गावच्या सुताराला हाताशी घेऊन गाडीत काम काढले.

समोरासमोर दोन बाकडी. मधल्या जागेत फळी टाकली की चौघांचा पलंग. बाकड्यांच्या पोटात भांडी आणि अंथरुणे. मागच्या दाराशी रॉकेलचा स्टोव्ह, वर चाळीस लिटर पाण्याचा कॅन आणि त्याला नळ. पडदे अम्मींनी शिवले. जानमाज ठेवायला छताखाली एक कप्पा केला होता. अशी ती गाडी घेऊन आम्ही विजापूरचा गोल घुमट पाहिला, दौलताबाद पाहिले, हैदराबादेपर्यंत गेलो. कुंभार्ली घाटात इंजिन तापले की वळणावर थांबायचे, बोनेट उघडायचे, आणि ते थंड होईपर्यंत अम्मी खिचडी टाकायच्या. दादी हजला निघाल्या तेव्हा मुंबईहून जेद्दाला अजून जहाज जात असे. १९९५ साली ती सेवा बंद झाली. दादींना आणि गावच्या आणखी चौघा हाजींना बंदरापर्यंत याच गाडीने पोहोचवले. दोघी बहिणींची पाठवणीही हिच्यातूनच झाली.

मग २०२१ चा जुलै आला. बावीस तारखेला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. आमच्या अंगणातही पाणी आले आणि गाडी रात्रभर अर्ध्या चाकाच्या वर बुडून उभी राहिली. पाणी ओसरल्यावर मिस्त्रींनी तेल बदलले, डिझेलची टाकी रिकामी करून धुतली, आणि तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. पुढचे आठ दिवस अब्बा वयाच्या पंच्याहत्तरीत तिच्यातून बाजारपेठेत पिण्याचे पाणी, पाव आणि चादरी नेत होते. त्या चिखलपाण्याची किंमत गाडीने दिली. कोकणातली खारी हवा आणि वरून तो पूर. वर्षभरात मधला पत्रा कुजला आणि चॅसिसच्या एका आडव्या पट्टीला चीर गेली. मिस्त्रींनी वेल्डिंग करून ठिगळ मारले. अब्बांनी वर प्लायवूड टाकले, त्यावर नवे लिनोलियम अंथरले. वरून पाहणाऱ्याला फरशी नवी कोरी दिसे.

दोन वर्षांपूर्वी अब्बा अल्लाहला प्यारे झाले. गाडी उभी राहिली. अम्मींना तिच्यात चढवत नव्हते, आमचे गुडघे बोलू लागले होते, आणि मुलांना चार तासांत पुण्याला पोहोचवणारी गाडी हवी होती. नोंदणीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन नोंदणी नव्याने करावी लागते, त्यात पर्यावरण कर आणि विमा. उभी गाडी उंदीर कुरतडतात, बॅटरी उतरते, टायर भेगाळतात. गाडी विकायची, हे ठरायला वेळ लागला नाही. कशी विकायची, यात मात्र तीन महिने गेले.

पहिली अडचण कागदाची. आर.सी. अब्बांच्या नावावर होती. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. आम्ही दोन्ही मुदती चुकवल्या होत्या. धाकटा भाऊ म्हणाला, "एजंटला सांगू, तो अब्बांच्या सहीने भागवील." मयत माणसाची सही करून गाडी विकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तिला सोप्या भाषेत खोटी सही म्हणतात. आम्ही नको म्हटले, उशिराचा दंड भरला आणि नमुना ३१ भरायला घेतला. तेव्हा कळले की बाकीच्या सगळ्या वारसांची संमती लागते. म्हणजे अम्मी, भाऊ, आणि दोघी बहिणी.

आपा मुंब्र्याला असते. तिला फोन केला.

"आपा, गाडी विकायची आहे. तुझी सही लागेल."

"पाठवून दे कागद. कुठे करायची त्यावर खूण कर."

"नुसती सही नाही. तुझा हिस्सा निघतो तिच्यात."

आपा थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भंगारातल्या गाडीत निघतो होय माझा हिस्सा? जमिनीच्या वेळी तर नुसती सहीच होती."

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ ओटीवर बसून राहिलो. अब्बांच्या मागे सहा महिन्यांत बागेच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, आणि लागलीच दोघी बहिणींनी निबंधकाच्या कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आमच्याकडे तसेच चालत आले आहे. बहीण आनंदाने सोडते, असे आपण म्हणतो. दर मोसमात दोघींना आंब्याची पेटी जाते, ईदला कपडे जातात, माहेरचे दार उघडे असते. पण त्या दिवशी कचेरीत आम्ही त्यांना विचारले होते का? विचारले नव्हते. कागद पुढे केला होता. त्यांनी नकार दिला असता तर माहेर तुटले असते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. अशा सहीला मर्जी म्हणता येत नाही.

ते मनात ठेवूनच आम्ही गाडीच्या विक्रीला लागलो. गाडी धुतली, पडदे काढले, बाकड्यांतली भांडी बाहेर काढली. स्टोव्ह अम्मींनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. गाडीचे फोटो पुतण्याने ओळखीच्यांना पाठवले. पहिला आला तो भंगारवाला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि किलोचा भाव सांगितला. त्याला आम्ही विचारले, नोंदणी रद्द झाल्याचा कागद कोण देणार? तो हसला आणि निघून गेला. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गाडी मोडीत काढायचीच असेल तर ती सरकारमान्य केंद्रातच द्यावी. तिथे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रद्द करून घेता येते. नाहीतर तुमच्या गाडीचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरत राहण्याची भीती असते.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला महामार्गावर खाण्याची गाडी लावायची होती. त्याला बाकडी नको होती, म्हणून भाव पडून मागत होता. तिसरा पुण्याचा तरुण, तिशीतला. मित्रांबरोबर आणि घरच्यांबरोबर फिरायला त्याला असेच जुने वाहन हवे होते. त्याने बाकडी उघडून पाहिली, फळी टाकून पलंग करून पाहिला, छताखालच्या कप्प्यात काय ठेवायचे ते विचारले. "काका, व्हिंटेज गाडी आहे ही," असे दोनदा म्हणाला. आम्ही त्याला सांगितले, बाबा, कायद्यात ही व्हिंटेज नाही, नुसती जुनी आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची दुचाकी-चारचाकीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि तशी नोंदवलेली गाडी रोज वापरताही येत नाही. तुम्हाला फिरायचे आहे, तर साधीच नोंदणी बरी.

हीटर लावून चावी मारली, दुसऱ्या फटक्याला इंजिन लागले. त्याने गावाबाहेर पुलापर्यंत चक्कर मारली. परत येऊन म्हणाला, "एक लाख वीस हजार देतो. आत्ता टोकन देऊ का?"

भावाचा चेहरा उजळला. आम्हाला सत्तर-ऐंशीच्या वर अपेक्षा नव्हती. तो तरुण गाडीत चढला होता आणि नेमका त्या नव्या कोऱ्या लिनोलियमवर उभा होता. त्याने खाली वाकून पाहिले नव्हते. भावाने आम्हाला बाजूला घेतले. "जुनी गाडी आहे. घेणाऱ्याने बघून घ्यायची असते. आपण खोटे कुठे बोललो?" खरेच, आम्ही खोटे काहीच बोललो नव्हतो. त्याने फरशीबद्दल विचारले नव्हते.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले आणि त्यांनी आत हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत ओले लागले. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? हा प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकला आहे. त्या विकणाऱ्यानेही तोंडाने खोटे काही सांगितले नव्हते. धान्य भिजले यात त्याचा दोष नव्हता, आमचा पत्रा कुजला यातही अब्बांचा नव्हता. दोष होता तो ओले खाली ठेवण्यात.

बेगम ओटीवरून हे पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आतून पकड आणि स्क्रूड्रायव्हर आणून आमच्या हातात दिले. आम्ही लिनोलियम गुंडाळले, प्लायवूडचे आठ स्क्रू काढले आणि त्या तरुणाला बोलावून ठिगळ दाखवले. चीर कुठे होती, वेल्डिंग कधी झाले, कोणत्या मिस्त्रींनी केले, ते सांगितले. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. घाट चढताना गाडी तापते आणि काळा धूर सोडते, डिझेल पंपाचे काम निघेल. आणि आतले बाकड्यांचे काम आर.सी.वर नोंदवलेले नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली की तिथे विचारतील, तेव्हा बदल नियमात बसवून रीतसर नोंदवून घ्यावा लागेल.

त्याने मोबाइलचा उजेड टाकून खाली पाहिले. मिस्त्रींना फोन केला. दोन दिवसांची मुदत मागून गेला. भाऊ दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्या तरुणाचा फोन आला. चॅसिसच्या आणि पत्र्याच्या कामाला चोवीस हजार लागतील असे त्याच्या गॅरेजवाल्याने सांगितले होते. तेवढे कमी करून शहाण्णव हजारांना गाडी घ्यायला तो तयार होता. आम्ही हो म्हटले.

वाचकांपैकी ज्यांना जुनी गाडी विकायची आहे, त्यांच्यासाठी पुढची कामे सांगतो. गाडी आधी वारसाच्या नावावर आली, मग विकणाऱ्याने नमुना २९ आणि विकत घेणाऱ्यासह नमुना ३० भरला. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करायला त्याला सांगावे. गाडी हातात दिली त्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. "नंतर करू ट्रान्सफर" असे म्हणून चावी देऊ नये. एक गाडी हातोहात विकली गेली होती, कागदावर नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले होते, आणि अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तोच, आणि भरपाईही त्यानेच द्यायची. पैसे घेतले म्हणजे गाडी सुटली असे नाही. नाव उतरले तेव्हाच ती सुटली.

गाडी नेण्याच्या दिवशी अम्मी खुर्ची टाकून अंगणात बसल्या होत्या. त्या तरुणाने त्यांना सलाम केला. अम्मींनी त्याला सांगितले, "घाटात तापली की पाणी लगेच ओतू नका. आधी थंड होऊ द्या. तोवर खिचडी होते." तो हसला. त्याला ते पुरते कळले नसेल.

शहाण्णव हजारांचा हिशेब आम्ही त्याच संध्याकाळी मांडला. अब्बांच्या नावावर कोणाचे देणे उरले नव्हते, वसीयतही नव्हती. अम्मींचा आठवा हिस्सा, बारा हजार. उरले चौऱ्याऐंशी. दोन भाऊ, दोन बहिणी, भावाला बहिणीच्या दुप्पट, म्हणजे सहा भाग, एकेक भाग चौदा हजारांचा. भावांना अठ्ठावीस-अठ्ठावीस, बहिणींना चौदा-चौदा. पहिलीतल्या पोराला समजेल असा हिशेब. तो करायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या. आमच्या दोन्ही फुफ्यांनी दादांच्या मागे अशाच सह्या केल्या होत्या, आणि अब्बांसारख्या माणसालाही त्यात वावगे वाटले नव्हते. वडिलांची चूक बोलून दाखवणे जड जाते. पण फरशीखालचे ठिगळ त्यांनी घातले तसे हेही त्यांच्याकडूनच आले, आणि ते आम्ही जसेच्या तसे पुढे चालवले.

बहिणींच्या खात्यात पैसे टाकले. धाकटीचा मिरजेहून फोन आला, तिला वाटले चुकून आले. आपाने फोन केला नाही. तिचा दोन ओळींचा निरोप आला की चौदा हजार मिळाले, अम्मींना सलाम.

रात्री जेवताना भाऊच म्हणाला, "त्या पोराला आपण स्क्रू काढून पत्रा दाखवला. तो कोण, कुठला. आणि आपा?" पुढे तो काही बोलला नाही. चोवीस हजार बुडाले म्हणून दोन दिवस रुसलेला तो हाच.

आम्ही खेडच्या वकिलांना विचारून आलो. नोंदवलेले हक्कसोडपत्र नुसते फाडून टाकता येत नाही. पण भावांनी बहिणींच्या हिश्श्याएवढी जमीन बक्षीसपत्राने त्यांच्या नावावर करून देता येते, किंवा आजच्या भावाने रक्कम ठरवून देता येते. काय हवे ते बहिणींना विचारायचे, आणि या वेळी खरोखर विचारायचे, कागद पुढे करून नव्हे. रक्कम ठरली तर ती एकदम देण्याची आमची ऐपत नाही. बागेचे दोन-तीन मोसम जातील. घरात यावर अजून सगळ्यांचे एकमत नाही. पुतण्यांना वाटते, जे झाले ते झाले.

येत्या रविवारी दोघी बहिणी घरी येणार आहेत. भावाने सातबाऱ्याचा उतारा काढून आणला आहे. तो सध्या अम्मींच्या उशाखाली आहे.